शंकर बाळकृष्ण दीक्षित : पंचांगाचा इतिहास लिहिणारे शाळामास्तर

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारून झाली आणि कडुनिंबाचा प्रसाद वाटून झाला, की नव्या पंचांगाचे पूजन करावे आणि त्यातील वर्षफल ऐकावे, ही मराठी घरांतील जुनी रीत. पूर्वी गावचा जोशी घरोघर जाऊन ते वाचून दाखवी. पुढे छापील पंचांग आले आणि खुंटीला अडकवलेल्या त्या पुस्तकाने वर्षभराचा कारभार हाती घेतला. एकादशी कधी, श्राद्धतिथी कोणत्या दिवशी धरायची, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, मुंजीला मुहूर्त आहे की नाही, ग्रहणाचे वेध केव्हा लागतात, असे सारे प्रश्न त्यालाच विचारले जात. बेळगावात, मडगावात, इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत, वडोदऱ्यात आणि हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी भोवतालची भाषा आणि पेहराव स्वीकारला, तरी सणावाराचे दिवस मात्र आपल्याच पंचांगाप्रमाणे पाळले.

पण पंचांगच चुकत असेल तर? एकाच सणाला दोन पंचांगे दोन दिवस सांगत असतील, तर घराने कोणाचे ऐकायचे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न महाराष्ट्रात अतिशय तीव्र झाला होता. धर्मश्रद्धा, गणित, परंपरा आणि नवे पाश्चात्त्य ज्योतिष यांचा तो संघर्ष होता. या वादात एका शाळामास्तराने असे काम करून ठेवले, की त्यानंतर पंचांगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांना आयुष्य लाभले अवघे चव्वेचाळीस वर्षांचे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या मुरुड या गावी झाला. जंजिऱ्याजवळचे मुरुड ते हे नव्हे. नारळी-पोफळींच्या बागा, समुद्र आणि वेदपठणाची परंपरा असलेली ब्राह्मण घरे, असे हे गाव. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे ते महाराष्ट्राला विशेष परिचित झाले. दीक्षितांचे प्राथमिक शिक्षण गावीच झाले आणि संस्कृताचा व वेदाध्ययनाचा संस्कारही तेथेच घडला. काही काळ त्यांनी दापोलीच्या कचेरीत उमेदवारी केली. नंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले, तेथील शिक्षण पुरे करून १८७४ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि सरकारी शाळाखात्यात शिक्षक म्हणून लागले. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. वेधशाळा किंवा मोठे ग्रंथालय त्यांच्या हाताशी नव्हते, आणि कोणत्या संस्थानिकाच्या दरबारी ज्योतिषीही ते नव्हते.

रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशी त्यांच्या नोकरीची वाट आहे. बदली होईल तेथे बिऱ्हाड हलवायचे, दिवसा मुले शिकवायची आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, हा त्यांचा क्रम होता. शिक्षकी पेशा त्यांनी पोटापुरता मानला नाही. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ लिहिले, निसर्गातील नवलांचा परिचय करून देणारे ‘सृष्टिचमत्कार’ लिहिले आणि १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास’ हे आकाशदर्शनाचे रसाळ पुस्तक प्रसिद्ध केले. रात्री अंगणात उभे राहून तारे ओळखावेत, चंद्राची रोजची चाल पाहावी, ग्रह कोणता आणि तारा कोणता ते डोळ्यांनी ठरवावे, अशी गोडी मराठी वाचकाला लावणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पंचांगाचे गणित आकाशाशी ताडून पाहायचे असते, ही त्यांची धारणा अशा निरीक्षणावर उभी होती.

त्या काळी पंचांगांची स्थिती काय होती, हे समजल्याखेरीज दीक्षितांच्या कार्याचे मोल कळणार नाही. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ आणि ‘तिथिचिंतामणि’ या ग्रंथांवरून तयार होत. ‘ग्रहलाघव’ शके १४४२ मधील, म्हणजे इसवी सन १५२० चे. त्याचे कर्ते कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे. ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी रीत त्यांनी दिली. त्यामुळे सामान्य जोशालाही पंचांग करता येऊ लागले आणि ग्रंथाचा प्रसार कोकणापासून माळव्यापर्यंत झाला. १८४१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून मराठी पंचांग छापून निघाले, तेव्हापासून हेच गणित छापील रूपाने हजारो घरांत पोहोचू लागले.

मात्र साडेतीनशे वर्षांत आकाश आणि पोथी यांच्यात अंतर पडले होते. कोणत्याही गणितात राहिलेली बारीकशी चूक वर्षागणिक साठत जाते. शिवाय चंद्राच्या गतीतील काही सूक्ष्म फेरफार जुन्या ग्रंथांनी विचारातच घेतलेले नव्हते. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथीचा काळही कमीजास्त होतो. जुन्या गणिताने तिथी जास्तीत जास्त पासष्ट घटकांची आणि कमीत कमी चोपन्न घटकांची होते. पाच घटकांची वाढ आणि सहा घटकांचा क्षय या मर्यादेला शास्त्रीबुवा बाणवृद्धी-रसक्षय म्हणत. प्रत्यक्ष आकाशात मात्र तिथी सुमारे सदुसष्ट घटकांपर्यंत लांबते आणि पन्नास घटकांपर्यंत आखडते. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. म्हणजे काही प्रसंगी तिथीचा आरंभ वा शेवट काही तासांनी चुके. सूर्योदयाच्या वेळची तिथी बदलली की एकादशीचा दिवस बदले आणि श्राद्धाचाही. पूर्णिमा-अमावास्यांच्या वेळी ही चूक कमी होते, तरी ग्रहणाची वेळ घड्याळाशी ताडून पाहणाऱ्याला फरक स्पष्ट दिसे.

हा फरक दूर करण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी केला. केरूनाना या नावाने महाराष्ट्राला परिचित असलेल्या या गणितज्ञाने १८६५ च्या सुमारास नव्या गणितावर आधारलेले पंचांग सुरू केले. पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले जाऊ लागले. ग्रह आकाशात दिसतात तेथेच पंचांगातही दिसावेत, हा त्यांचा आग्रह होता. पण त्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील ज्या ताऱ्यापासून धरला, त्यामुळे आरंभस्थान प्रचलित पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी निराळे झाले. परिणामी संक्रांतीचे दिवस बदलले आणि काही वर्षी अधिक मासही निराळा येऊ लागला. अधिक मास वेगळा आला की त्यापुढील सणांत महिन्याचे अंतर पडते. एका घरी गणपती विसर्जन होऊन गेलेले आणि शेजारच्या घरी महिन्यानंतर स्थापना, असा प्रकार होऊ लागला. हेच आरंभस्थान मानणाऱ्या टिळक पंचांगामुळे कोकणातील काही घरांत तो अजूनही अधूनमधून पाहायला मिळतो.

याच सुमारास दुसरा, अधिक मूलगामी वाद उभा राहिला, तो सायन आणि निरयन यांचा. ऋतू ठरतात ते सूर्याच्या संपात आणि अयन बिंदूंवरून. हे बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत स्थिर नाहीत. सुमारे बहात्तर वर्षांत ते एक अंश मागे सरकतात. आपली पंचांगे वर्ष मोजतात ताऱ्यांच्या आधारे, आणि ऋतूंचे वर्ष त्याहून सुमारे वीस मिनिटांनी लहान आहे. म्हणून मकर संक्रांत आणि खरे उत्तरायण यांच्यातील अंतर वाढतच जाते. उत्तरायण सुरू होते २१-२२ डिसेंबरला, तर संक्रांत आता येते १४-१५ जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला त्या १२ जानेवारी १८६३ या दिवशी संक्रांत होती, एवढे आठवले तरी हे सरकणे ध्यानात येते. हे असेच चालू राहिले तर काही हजार वर्षांनी वसंतातील चैत्र पावसाळ्यात जाऊन बसेल. तेव्हा वर्ष ऋतूंवरूनच मोजावे, असे म्हणणारे ते सायनवादी. या पक्षाचे अध्वर्यू होते विसाजी रघुनाथ लेले. मूळचे नाशिकचे लेले ग्वाल्हेरीस स्थायिक झाले होते आणि तेथूनच ते वर्तमानपत्रांतून हा वाद नेटाने लढवीत. महाराष्ट्राबाहेरचे मराठी समाज म्हणजे केवळ पुण्या-मुंबईचे अनुकरण करणारी वस्ती, असा समज असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पंचांगशोधनाच्या चळवळीचा एक खांब ग्वाल्हेरीत रोवलेला होता.

तरुण दीक्षितांचे लक्ष ज्योतिषाकडे गंभीरपणे वळले ते या सायनवादामुळे. लेल्यांची बाजू त्यांना पटली. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित अशा तिघांनी मिळून सायन पंचांग प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वेदांतील मधु, माधव इत्यादी मासनावे ऋतूंशी जोडलेली आहेत. ज्या ऋतूत जे कर्म सांगितले आहे ते त्याच ऋतूत व्हावे, असे धर्मशास्त्राचेही तात्पर्य आहे. म्हणून सायनमान हेच मूळ परंपरेशी सुसंगत आहे, अशी त्यांची भूमिका होती. सुधारणेचा पुरस्कार करताना त्यांनी परंपरेला टाकून दिले नाही, उलट परंपरेचाच आधार घेतला.

तथापि वादात एक बाजू घेऊन लेख लिहिणे, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. दोन्ही पक्षांचे लोक शास्त्र असे सांगते, परंपरा अशी आहे, असे छातीठोकपणे म्हणत. पण ते शास्त्र केव्हा, कोणी आणि कशाच्या आधारे रचले, याचा सलग वृत्तांत कोठेच नव्हता. पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर मराठीत ग्रंथ मागवला, तेव्हा दीक्षितांनी हे काम अंगावर घेतले. आरंभी मर्यादित वाटलेला विषय हाती घेताच वाढत गेला. पंचांगाचा इतिहास लिहायचा तर सिद्धांतग्रंथांचा इतिहास हवा, त्यासाठी वेदांगज्योतिष हवे आणि त्याच्याही मागे जाऊन वेदसंहिता, ब्राह्मणे, महाभारत यांतील ज्योतिषविषयक उल्लेख हवेत. बार्शीसारख्या गावी राहून त्यांनी हस्तलिखिते मिळवली, ठिकठिकाणची पंचांगे जमवली, मोठमोठ्या ग्रंथांतील आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले. यंत्राची मदत नव्हती. सारे गणित हाताने करावे लागे.

त्यांच्या गणिताचा लौकिक लवकरच संशोधकांत पसरला. गुप्त राजांच्या शिलालेखांचे संपादन करणारे जे. एफ. फ्लीट यांना गुप्त शकाचा आरंभ निश्चित करायचा होता. हा शक कोणत्या वर्षी सुरू झाला यावर विद्वानांत मोठा मतभेद होता आणि त्यावर उत्तर भारताच्या इतिहासाचा सारा कालक्रम अवलंबून होता. मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळातील स्तंभलेख आहे. त्यात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा स्पष्ट निर्देश आहे. तिथी आणि वार यांची जोड ही इतिहासकाराच्या हाती आलेली फार मोलाची कसोटी. नुसती तिथी दरवर्षी येते, पण ती ठरावीक वारी पडण्याची वर्षे मोजकीच असतात. दीक्षितांनी गणित मांडले आणि तो दिवस २१ जून ४८४ असल्याचे निष्पन्न झाले. गुप्त शकाचा आरंभ इसवी सन ३१९-२० मध्ये झाला, या निर्णयाला त्यामुळे बळकट आधार मिळाला. १८८८ मध्ये निघालेल्या फ्लीट यांच्या ग्रंथात दीक्षितांच्या या साहाय्याची नोंद आहे. स्वयंपाकघरात उपवासाचा दिवस पाहण्यासाठी वापरायचे तिथी-वारांचे गणित साम्राज्यांचा काळ ठरवण्याच्याही कामी येते, हे त्यांनी सिद्ध केले.

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यास छापून प्रसिद्ध झाला. पाचशेहून अधिक पानांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात वैदिक आणि वेदांगकालातील ज्योतिषज्ञान, दुसऱ्यात सिद्धांतकालापासून लेखकाच्या काळापर्यंतचा इतिहास. पहिल्या भागातील त्यांचा एक शोध विशेष गाजला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा आशयाचे विधान आहे. कृत्तिका अगदी पूर्वेला उगवत असतील तर त्या तेव्हा विषुववृत्तावर असल्या पाहिजेत, हे दीक्षितांनी ओळखले आणि संपाताच्या सरकण्यावरून तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांचा काढला. या निष्कर्षावर पुढे विद्वानांनी बरीच उलटसुलट चर्चा केली. सर्वांना तो मान्य झाला नाही. पण ज्या ग्रंथाकडे केवळ यज्ञविधी म्हणून पाहिले जात होते, त्यातले एक वाक्य आकाशाची प्रत्यक्ष पाहणी म्हणून वाचता येते, ही दृष्टी त्यांनी दिली.

दुसऱ्या भागातून जे निष्पन्न झाले, ते पंचांगवादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. सूर्यसिद्धांताला परंपरेने अपौरुषेय मानले आहे. पण वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत ज्याचा सार दिला तो सूर्यसिद्धांत आणि आज प्रचारात असलेला सूर्यसिद्धांत यांतील आकडे एकच नाहीत, हे दीक्षितांनी गणिताने दाखवून दिले. म्हणजे अत्यंत पूज्य मानलेल्या ग्रंथातही मधल्या काळात कोणीतरी सुधारणा केलेली आहे. आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य या प्रत्येकाने आधीच्यांचे मान तपासून आपले दिले. वेधाशी गणित जुळेना तेव्हा आकड्यांत दुरुस्ती करायची, हिला ज्योतिषी बीजसंस्कार म्हणतात, आणि हा संस्कार आपल्याकडे शतकानुशतके होत आला आहे. खुद्द गणेश दैवज्ञांनीही कोणत्या ग्रंथाचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो ते पाहून निवड केली होती. तेव्हा जे पंचांगशोधनाला परंपरेविरुद्धचे बंड म्हणत होते, त्यांना दीक्षितांच्या ग्रंथाने परंपरेतूनच उत्तर दिले. पाहणे, ताडणे आणि दुरुस्त करणे हीच परंपरा होती. पोथी मिटून ठेवून तिच्यावर हळदकुंकू वाहणे ही अलीकडची सवय.

पाश्चात्त्य विद्वानांशीही त्यांनी याच तोलाने वाद केला. भारतीय ज्योतिष सारे ग्रीकांकडून आले, असे मानण्याकडे तेव्हा अनेकांचा कल होता. व्हिटनी, थिबो यांची मते दीक्षितांनी बारकाईने तपासली आणि जेथे आकडे त्यांच्या मताला साथ देत नव्हते तेथे तसे स्पष्ट लिहिले. त्याचबरोबर सारे काही आमचेच, असा उलट टोकाचा अभिनिवेशही त्यांनी धरला नाही. स्वाभिमानाचे वारे जोरात वाहत असलेल्या त्या दशकात हा संयम सोपा नव्हता.

या ग्रंथातील पंचांगविषयक प्रकरण आजच्या वाचकालाही घरगुती वाटेल असे आहे. देशात कोठे कोणता शक चालतो, वर्ष कोणत्या महिन्यात बदलते, महिना कोठे संपतो, कोणत्या प्रांतात कोणत्या ग्रंथावरून पंचांग करतात, याची पाहणी दीक्षितांनी केली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हा फरक रोज भेटतो. आपला महिना अमावास्येला संपतो. माळव्यात आणि उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात इंदूरचे मराठी घर आणि त्याचा हिंदीभाषक शेजारी एकाच महिन्यात असतात, वद्य पक्षात मात्र शेजारी एक महिना पुढे गेलेला असतो. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्याची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची. आपली जन्माष्टमी श्रावणातली, त्याची भाद्रपदातली. दिवस मात्र एकच. वडोदऱ्यात महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो, पण गुजराती वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलते. हैदराबादेत तेलुगू घरांची उगादी आणि आपला पाडवा बरोबरच येतात, कारण तेथे शालिवाहन शक आणि अमान्त महिना दोन्ही समान. या भेदांत खरेखोटे काही नाही. मोजण्याच्या रीती निराळ्या आहेत, इतकेच. दीक्षितांची ही पाहणी वाचली की आपल्या पंचांगाचा अभिमान राहतो आणि दुसऱ्याच्या पंचांगाला चूक म्हणण्याची घाई ओसरते.

त्याच १८९६ साली त्यांचे दुसरे मोठे काम लंडनमधून प्रसिद्ध झाले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी आणि विजयनगरच्या इतिहासाचे अभ्यासक रॉबर्ट सिवेल यांच्यासमवेत लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ. इसवी सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदू तिथी आणि मुसलमानी तारखा इंग्रजी तारखांत कशा बदलायच्या, याची कोष्टके त्यात आहेत. जुन्या कागदावर किंवा ताम्रपटावर तिथी सापडली की संशोधक या कोष्टकांकडे वळू लागले. निरनिराळ्या गावांचे उज्जयिनीपासूनचे वेळेचे अंतरही त्यात दिले आहे, कारण भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा परंपरेने उज्जयिनीवरून जाते. एकाच वर्षी दोन भाषांत दोन आधारग्रंथ, आणि लेखक पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षक. असे उदाहरण विरळाच.

मराठीत लिहिण्याचा त्यांचा निर्णय येथे ध्यानात घ्यायला हवा. इंग्रजीत लिहिण्याची क्षमता त्यांच्यात होती आणि ‘इंडियन अँटिक्वेरी’सारख्या नियतकालिकात त्यांचे लेख येत होते. इंग्रजीत कीर्ती मोठी होती. पण पंचांग मराठी घरात वापरले जाते, त्याविषयीचा वाद मराठी वर्तमानपत्रांत चालतो आणि ते करणारे जोशी मराठी-संस्कृत जाणतात. मग त्याचा इतिहास त्यांना वाचता येणाऱ्या भाषेतच हवा. म्हणून आयुष्यातील मुख्य ग्रंथ त्यांनी मराठीला दिला. पुढे तो हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतरित करावा लागला. मूळ मराठी ग्रंथाखेरीज या विषयाचे पान हलत नाही, अशी त्याची योग्यता ठरली.

हे यश उपभोगायला त्यांना वेळ मिळाला नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांतच पुण्यावर प्लेगचे सावट आले. शहर विस्कळीत झाले. एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षितांचे निधन झाले. अनेक वर्षे नोकरी सांभाळून रात्रंदिवस केलेल्या आकडेमोडीने झिजलेले ते आयुष्य असे अवेळी संपले.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. त्याच १८९८ मध्ये व्यंकटेश बापूजी केतकर यांचा ‘ज्योतिर्गणित’ हा संस्कृत ग्रंथ प्रकाशित झाला. केतकर नरगुंदचे. बागलकोटला शिक्षक होते आणि पुढे विजापूरला स्थायिक झाले. म्हणजे पंचांगशोधनाचा दुसरा आधारस्तंभ आजच्या सीमाभागापलीकडच्या कर्नाटकातला. नव्या ज्योतिषाचे अचूक आकडे त्यांनी जुन्या पद्धतीच्या कोष्टकांत बसवले आणि जोशांना सूक्ष्म गणिताने पंचांग करण्याचा मार्ग मोकळा केला. १९०४ मध्ये मुंबईत पंचांग-संमेलन भरले, त्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेतला. पुढे सोलापूरचे दाते पंचांग निघाले, आणि १९७३ पासून कालनिर्णयाने पंचांग भिंतीवर आणले. आज बहुतेक मराठी घरांत पाहिली जाते ती तिथी सूक्ष्म गणिताची असते. दीक्षितांच्या तरुणपणी ज्यावर रणे माजत, तो प्रश्न आता बव्हंशी मिटलेला आहे.

सायनमानाचा आग्रह मात्र घराघरांत मान्य झाला नाही. संक्रांत अजूनही जानेवारीतच येते आणि तिळगूळ त्याच दिवशी वाटला जातो. या बाबतीत दीक्षितांचा पक्ष हरला, असे म्हणावे लागेल. पण स्वतंत्र भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने देशभरची पंचांगे तपासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली, ती शालिवाहन शकाची आणि ऋतूंशी बांधलेल्या सायन वर्षाची. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र शके १८७९ ठरला. ग्वाल्हेरचे लेले आणि कोकणातील मुरुडचे दीक्षित ज्यासाठी झगडले, ते तत्त्व साठ वर्षांनी सरकारी राजपत्रात उतरले. धार्मिक सणांसाठी समितीने निरयन गणना कायम ठेवली. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता नागरी व्यवहार नीट करण्याची ती तडजोड होती.

विचार केला तर दीक्षितांचा मोठेपणा त्यांच्या पक्षाच्या जयापजयाने मोजता येत नाही. सायनवादी असूनही त्यांनी निरयन पंचांगांचा इतिहास तितक्याच निष्ठेने लिहिला. आपल्या मताला प्रतिकूल असलेला आकडा त्यांनी दडवला नाही. ज्या जोशांच्या गणितात ते चुका दाखवीत, त्यांच्याविषयी उपहासाचा सूर त्यांनी लावला नाही. आपल्या घरातील पंचांग हे कोणीतरी, कोणत्या तरी गावी बसून, आकाशाकडे पाहून आणि आधीच्यांची चूक दुरुस्त करून केलेले मानवी काम आहे, ही जाणीव त्यांनी मराठी समाजाला दिली.

आजही पंचांगाच्या पहिल्या पानांवर ते कोणत्या गणिताने केले आहे, अयनांश कोणता धरला आहे आणि सूर्योदय कोणत्या गावचा दिला आहे, हे छापलेले असते. पुण्याचा सूर्योदय आणि ग्वाल्हेर-हैदराबादचा सूर्योदय एका वेळी होत नाही, आणि सूर्योदयाच्या आगेमागे तिथी संपत असेल तर त्या काही मिनिटांनी उपवासाचा दिवसही बदलू शकतो. सणाच्या दिवशी घरात दोन मते झाली, की आवाज चढवण्यापूर्वी ही पाने उघडून पाहावीत. एका शाळामास्तराने आयुष्य वेचून आपल्याला शिकवलेला धडा तोच आहे.